माशाच्या आतड्यातील कृमी देतात जड धातूंची खबर

नदी किंवा तलावाच्या पाण्याचा नमुना केवळ त्या क्षणाची स्थिती सांगतो. रात्री सोडलेले रासायनिक सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेले असते. मात्र शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू जलचरांच्या शरीरात साठत राहतात. या साठ्याचा माग काढण्यासाठी माशांच्या आतड्यातील परजीवी कृमी उपयुक्त ठरतात, असे संशोधनातून दिसून आले आहे.

जर्मनीतील बर्न्ड सुरेस व सहकाऱ्यांनी १९९४ पासून प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या विषयात पायाभूत मानले जातात. चब या गोड्या पाण्यातील माशाच्या आतड्यात सोंडेवर काटे असलेले कृमी आढळतात. त्यांच्या शरीरात माशाच्या मांसाच्या तुलनेत शिसे २,७०० पटींपर्यंत, तर कॅडमियम ४०० पटींपर्यंत अधिक आढळले.

या कृमींना तोंड व अन्ननलिका नसते. ते त्वचेतूनच अन्न शोषतात. पाण्यातील शिसे कल्ल्यांवाटे माशाच्या रक्तात, तेथून यकृतात आणि पित्ताबरोबर आतड्यात उतरते. तेथे कृमी पित्तातील क्षारांसह शिसेही शोषून घेतो. परिणामी, कृमी असलेल्या माशांच्या आतड्याच्या भित्तिकेत शिशाचे प्रमाण कमी राहिल्याचे प्रयोगांत दिसले. मात्र सर्वच कृमी सारखे नसतात. पट्टकृमीही धातू साठवतात. गोलकृमींमध्ये ही क्षमता सहसा कमी असते.

महाराष्ट्रात गोड्या पाण्यातील माशांच्या कृमींचा अभ्यास नवा नाही. मराठवाडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ गं. बा. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळ माशातील पट्टकृमींच्या एका नव्या वंशाची नोंद केली. वर्सोवा येथे १९६१ पासून मत्स्यविज्ञानाचे उच्च शिक्षण देणारी केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था असून जलपर्यावरण व माशांचे आरोग्य हे तेथील अध्ययनाचे विषय आहेत. कृमी ओळखण्याचे ज्ञान आणि धातू मोजण्याचे तंत्र यांची सांगड घातल्यास, मासा ताटात येण्यापूर्वीच जलाशयाविषयी इशारा मिळू शकतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कृमीच्या वाढीसाठी आधी लहान कवचधारी जलचरांची गरज असते. प्रदूषणाने हे जलचरच नष्ट झाले तर माशात कृमीही उरत नाहीत. म्हणून कृमी नसणे हे पाणी शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. तसेच कृमी धातू शोषतो म्हणून असा मासा निर्धोक ठरत नाही.

ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की आतड्यातील कृमी मासा साफ करताना निघून जातात. मांसात मुरलेला धातू मात्र धुण्याने वा शिजवण्याने नाहीसा होत नाही. यकृत व मूत्रपिंडात त्याचा साठा सहसा मांसाहून अधिक असतो. त्यामुळे दूषित जलाशयातील माशाबाबत खरा उपाय एकच : विषारी सांडपाणी पाण्यात मिसळण्यापूर्वीच रोखणे.