मूळ स्विच
* मूळ स्विच ‘आपोआप ठरतो’ हे लेखकाचे विधान बरोबर असले, तरी अपुरे आहे. एक केबल तुटली तरी काम अडू नये म्हणून स्विचेस जादा केबलींनी जोडतात, आणि त्यातूनच फेरा तयार होतो. आयपी पॅकेटला असते तशी आयुष्यमर्यादा इथरनेट फ्रेमला नसते. सर्वांना उद्देशून निघालेली एक फ्रेम फेऱ्यात सापडली, की तिच्या प्रती वाढत जाऊन नेटवर्क ठप्प होते. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला. स्विचेस दर २ सेकंदांनी एकमेकांना संदेश धाडतात. सर्वांत लहान ओळखक्रमांकाचा स्विच मूळ ठरतो. बाकीचे त्याच्याकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट राखतात. फेरा पुरा करणारे पोर्ट अडवले जातात, पण ते संदेश ऐकत राहतात आणि चालती वाट तुटली की उघडतात. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत. ओळखक्रमांकात आधी प्राधान्य (न बदलल्यास ३२७६८) आणि मग मॅक पत्ता येतो. प्राधान्याला कोणी हात लावला नाही, तर निवड नुसत्या पत्त्यावर होते आणि जिन्याखालचा एखादा जुनाट स्विचही अख्ख्या इमारतीचा मूळ होऊन बसतो. जाणते तंत्रज्ञ म्हणूनच मुख्य स्विचचा आकडा स्वतः कमी करून ठेवतात. — संपा.