कोडची ओळ तोडताना बॅकस्लॅश कधी वापरायचा?

पायथॉनमध्ये ओळ संपली की बहुतेक वेळा सूचनाही संपते. गडबड इथूनच सुरू होते. हे बघा:

एकूण = भाडे + वीज
+ पाणी

(हो, पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतं.) यात एरर येत नाही! दुसरी ओळ पायथॉनला स्वतंत्र वाटते, आणि पाण्याचं बिल हिशेबातून गुपचूप गळतं. माझ्याच कोडमधली अशी एक चूक शोधण्यात अर्धा दिवस गेला होता.

पहिल्या ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश दिला की काम होतं. पण मी कंस वापरतो:

एकूण = (भाडे + वीज
        + पाणी)

कंस बंद होईपर्यंत पायथॉन थांबतो, मध्ये कमेंटही लिहिता येते. बॅकस्लॅशनंतर मात्र एक स्पेस जरी पडली तरी सिंटॅक्स एरर, आणि ती स्पेस डोळ्यांना दिसतही नाही. पायथॉनची अधिकृत स्टाइल गाइड, पेप ८, हीसुद्धा कंसालाच पसंती देते.

मग बॅकस्लॅश लागतो कुठे? ३.१० च्या आधीच्या पायथॉनमध्ये एकाच ‘विथ’मध्ये बऱ्याच फाइल उघडताना. सी मध्ये अनेक ओळींचा मॅक्रो लिहिताना. आणि बॅशमध्ये लांबलचक कमांड तोडताना.

बॅशमध्ये जरा जपून. बॅकस्लॅशनंतर स्पेस राहिली तर कमांड तिथेच संपते आणि लगेच चालते. लिनक्सवर ‘आरएम’ लिहून, डिलीट करण्याआधी विचारणारा ‘-आय’ हा पर्याय तुम्ही पुढच्या ओळीवर ठेवला असेल, तर फाइली न विचारताच उडतात. ‘कमांड सापडली नाही’ हा मेसेज त्यानंतर येतो.