मुशींतून वांचलेलीं सोन्याचीं नाणीं

शके १५९६ च्या ज्येष्ठांत, म्हणजे १६७४ च्या जूनमध्यें, राज्याभिषेकाच्या प्रसंगीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर होता. त्यानें महाराजांपुढें तहाचीं जीं कलमें ठेविलीं त्यांत एक असें होतें कीं, इंग्रजांचें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें. हें कलम महाराजांनीं तहांत घालूं दिलें नाहीं. ज्यांत रयतेचा तोटा होईल असें नाणें घेण्याची तिजवर सक्ति करतां येत नाहीं. मात्र नाणें कसास व वजनास उतरत असेल तर त्यास आमची मनाईही नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास रेसिडेंट असलेला व पुढें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ यानेंही या तहाची हकीकत दिली आहे.

नाण्याचें मोल त्यांतील धातूइतकें, शिक्क्याचें मोल निराळें नाहीं, असा हा निवाडा होता. आतां गंमत अशी कीं, ज्या राजानें तो दिला त्याच राजाचा सोन्याचा होन आज त्यांतील सोन्याच्या अनेक पट किमतीस मागितला जातो. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा लहानसा तुकडा. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्र पति’. हींच अक्षरें तांब्याच्या शिवराईवरही आहेत. ती शिवराई सातारच्या बाजारांत जुन्या भांड्यांच्या ढिगांतही हातीं लागते. होन मात्र संग्राहकास जन्मांत एखादे वेळीं दिसला तर दिसला. हा फरक कशामुळें पडला, आणि अलीकडच्या सोन्याच्या नाण्यांतही कांहींच नाणीं सराफी भावाच्या वर कां चढतात, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

होन कमी पाडले गेले असावेत, हें सहज सुचणारें उत्तर आहे. पण तें पुरेसें नाहीं. जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यानें जी बखर लिहिली तींत महाराजांच्या खजिन्याची मोजदाद आहे. तींत पातशाही, इभ्रामी, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी अशा नाना जातींच्या होनांबरोबर शिवराई होनही आहेत, आणि त्यांची संख्या लक्षांत सांगितली आहे. बखरकाराचा आकडा जसाच्या तसा घेण्याचें कारण नाहीं. तरी त्याचा दहावा हिस्सा धरला तरी, पाडलेले होन आणि आज ठाऊक असलेले होन यांत जमीन-अस्मानाचें अंतर उरतेंच. सारांश, प्रश्न टांकसाळींत किती नाणीं पडलीं हा नसून मुशींत किती गेलीं हा आहे.

त्या काळच्या व्यवहारांत होनाचें नांव कोणत्या राजाचें आहे यास सराफाच्या लेखीं ओळखीपुरतेंच महत्त्व होतें. नांवावरून कस कळे, कसावरून बट्टा ठरे. राज्य बदललें, नाणें जुनें झालें, कीं बट्टा वाढे; आणि बट्टा वाढला कीं नाणें वितळविणेंच फायद्याचें होई. तांब्यास हा धोका थोडा. शिवराई वितळवून मजुरी व कोळसाही सुटावयाचा नाहीं, म्हणून ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बाजारांत फिरत राहिली. सोन्याचें उलट. जितकें शुद्ध तितकें लवकर मुशींत. होन चांगला होता हेंच त्याच्या नाशाचें कारण झालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मुशीचा विषय निघाला म्हणजे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांस त्यांत विशेष स्थान द्यावें लागतें. खानापूर, तासगांव, वाळवें हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होते. त्या सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. या टापूंतील, विशेषतः विटें, खानापूर, आटपाडी व पलीकडे खटाव-माण या कमी पावसाच्या भागांतील शेतकरी विसाव्या शतकांत सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यांत शिरले, आणि आज हिंदुस्थानांतील असें मोठें सराफी गांव विरळा कीं जेथें या बाजूचा गलाईवाला भट्टी लावून बसलेला नाहीं. सराफानें आणलेलें जुनें सोनें मुशींत घालावें, टाकणखार टाकून आटवावें, तेजाबानें हीण काढावें आणि शुद्ध लगड परत द्यावी, हा त्यांचा व्यवसाय. ज्या कसबानें दुष्काळी गांवांत पक्कीं घरें उभीं राहिलीं त्यास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. गलाईवाल्याच्या हातीं पडेपर्यंत नाण्याचा निकाल लागलेलाच असतो. विकणाऱ्यानें तें सोनें म्हणून विकलें त्याच वेळीं तें नाणेंपणास मुकलें.

आतां अलीकडील नाण्यांकडे वळूं. यांचें उदाहरण शिकविणारें आहे, कारण यांत टांकसाळीचे आकडे उपलब्ध आहेत व त्यामुळें तर्कास लगाम बसतो. पहिल्या महायुद्धांत चांदी इतकी महाग झाली कीं रुपयांतील चांदीच रुपयाहून अधिक किमतीची होऊं लागली. तेव्हां सरकारनें हातीं असलेल्या सोन्याचीं नाणीं मुंबईस पाडण्याचें ठरविलें. इंग्लंडच्या राजटांकसाळीची मुंबई शाखा सिद्ध होईपर्यंत पंधरा रुपयांची मोहोर पाडली गेली. तीवर १९१८ हें साल आहे. पुढें त्याच वर्षाच्या ऑगस्टांत शाखा सुरू झाली व तींत गिनी पाडण्यांत आल्या. १९१९ च्या एप्रिलांत ती शाखा बंद झाली. या गिनीवर सेंट जॉर्जच्या घोड्याखालीं, सालाच्या वरच्या रेघेवर, ‘आय’ हें इंग्रजी अक्षर आहे. तें न पाहणाऱ्यास ती लंडनच्या गिनीसारखीच दिसते. मोहोरा सुमारें २१ लक्ष पडल्या, मुंबईच्या गिनी सुमारें १३ लक्ष. वजन दोहोंचें एकच, ७.९८८ ग्रॅम, कसही एकच, बावीस कॅरट.

केवळ टांकसाळीच्या आकड्यावर किंमत ठरत असती तर गिनी महाग व मोहोर स्वस्त असती. प्रत्यक्षांत उलट आहे. चांगल्या स्थितींतील पंधरा रुपयांची मोहोर गिनीहून पुष्कळ अधिक भावानें मागितली जाते. मुंबईची गिनी बहुधा सोन्याच्या भावाच्या थोडी वर राहते. याचीं कारणें दोन दिसतात. गिनी हें साऱ्या जगाचें नाणें. ती कोठेंही ओळखली जाते, कोठेंही घेतली जाते, म्हणून ती जपून ठेवण्यांतही येते. व एका गिनीच्या ठिकाणीं दुसरी चालते. मोहोर ही हिंदुस्थानाबाहेर कोणाच्या उपयोगाची नव्हती. एकाच सालापुरती पडली, आणि तीवर कोरलेली पंधरा रुपये ही किंमत दोन वर्षांतच निरर्थक झाली. १९२० मध्यें सरकारनें गिनीचा कायदेशीर भाव पंधरा रुपयांवरून दहा केला, आणि सराफकट्ट्यावर तर सोन्याचा भाव त्याहून चढा. असें नाणें चलनांत कोण ठेवील? तें पेटींत गेलें, माळेंत गेलें किंवा मुशींत गेलें.

त्यांतही मोठी लाट १९३१ ची. त्या वर्षीच्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें व त्याबरोबर रुपयांतील सोन्याचा भाव चढला. तत्पूर्वी १९२७ च्या कायद्यानें तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै हा दर ठरलेला होता. इकडे शेतमालाचे भाव पडलेले, सारा व सावकाराचें व्याज उभें. खेडोपाडींचे दागिने व नाणीं सराफांच्या दुकानीं आलीं, आणि पुढील कांहीं वर्षांत दोनशें कोटी रुपयांहून अधिक किमतीचें सोनें मुंबई बंदरांतून बाहेर गेलें. त्यांत किती मोहोरा, किती पुतळ्या, किती होन होते हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. लगडीस नांव नसतें. त्यानंतर १९६३ चे सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. दागिन्यांखेरीज इतर सोनें जाहीर करणें भाग पडलें, दागिन्यांस त्यांतून सूट होती. अशा वेळीं भित्र्या माणसानें नाण्यांच्या पाटल्या करून घेतल्या असल्यास त्यास दोष कसा द्यावा? १९६८ मध्यें या नियंत्रणास कायद्याचें रूप मिळालें. तो कायदा १९९० मध्यें रद्द झाला.

जीं नाणीं वांचलीं तीं बहुधा बायकांच्या गळ्यांत वांचलीं. पुतळ्यांची माळ आपल्याकडे परिचित आहे. तींतील मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचें डुकाट हें नाणें, साडेतीन ग्रॅमचें व जवळजवळ निखळ सोन्याचें. त्यावरील गुडघे टेकलेला दोजे व त्याच्यापुढें उभा असलेला संत मार्क यांस आपल्या आज्यांनीं आपल्या देवादिकांत जमा करून घेतलें, व त्या श्रद्धेनें कित्येक नाणीं सराफाच्या दारापासून परत फिरलीं. परंतु या रक्षणाचीही किंमत द्यावी लागते. माळेंत ओवण्यासाठीं नाण्यास कडी डाकलेली असते. ती काढली तरी टांक्याचा डाग कडेवर राहतो, आणि अंगावर वागविल्यानें अक्षरें झिजतात. असें नाणें संग्राहक घेतो, पण सोन्याच्या भावाच्या फारसें वर जात नाहीं. आमच्या पाहण्यांत साताऱ्याच्या एका घरची १९१८ ची मोहोर आली होती. कडी काढून, घांसून, लखलखीत करून ती दाखविली. चकाकी आणण्याच्या नादांत राजाच्या मुकुटावरील रेषा पुसल्या होत्या. मालकास वाटत होतें कीं आपण किंमत वाढविली.

कायद्यानें या वरच्या मोलाचा हिशेब कसा केला आहे हें पाहण्यासारखें आहे. १८७८ च्या दफिन्याच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचा दफिना सांपडल्यास कलेक्टरास कळवावें लागतें. आणि तो सरकारनें स्वतःकडे घेण्याचें ठरविल्यास धातूची किंमत व तिचा एक पंचमांश एवढी रक्कम द्यावयाची असते. म्हणजे इतिहासाचें मोल सोन्याच्या मोलाचा पांचवा हिस्सा! ज्याच्या नांगरास होनांचें मडकें लागलें त्यास इतक्यासाठीं कचेरीची पायरी चढण्याची हौस कोठून असणार? तो रात्रींच भट्टीवाल्याकडे जातो. पुढें १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनीं नाणीं पुराणवस्तु ठरलीं व खाजगी व्यक्तीस तीं परदेशीं नेण्यास बंदी झाली. १९१८ ची मोहोर २०१८ पासून या सदरांत आली आहे. तेव्हां तिची किंमत इकडच्याच गिऱ्हाइकांनीं ठरवावयाची.

याच्या उलट, नवीं म्हणून जीं सोन्याचीं नाणीं पाडलीं जातात त्यांकडे पाहावें. २०१३ पासून हिंदुस्थानांत परवान्यानें पुन्हां गिनी पाडण्यास आरंभ झाला व तीवर तेंच ‘आय’ अक्षर आहे. २०१५ मध्यें सरकारनें अशोकचक्राचें शुद्ध सोन्याचें नाणें काढलें. दोन्हीं उत्तम धातूचीं. परंतु घडणावळ वजा जातां त्यांचा भाव सोन्याचाच, कारण तीं कोणासही केव्हांही मिळतात, व तीं अद्याप कशांतूनही वांचलेलीं नाहींत.

भाव चढला म्हणजे बनावट येते. शिवराई होनाचे मुलामा दिलेले नमुने यात्रेंत विकले जातात, त्यांची भीति नाहीं. भीति आहे ती खऱ्या सोन्यांत उठविलेल्या होनांची. धातु खरा, वजनही जुळविलेलें, म्हणून कसोटीचा दगड येथें निरुपयोगी. अक्षरांची ठेवण, बिंदूंच्या वर्तुळाची मांडणी व ठशाची खोली पाहणारा डोळा लागतो. आणि त्याहूनही बळकट पुरावा कागदाचा. ज्या नाण्याबरोबर जामदारखान्याची यादी, वांटणीपत्र किंवा निदान घरांतील जुनें टिपण आहे तें निःशंकपणें घेतां येतें. ज्याची वंशावळ नाहीं त्यास चांगला जाणकारही हात आंखडून घेतो. होनाच्या वरच्या किमतीचा मोठा हिस्सा अशा रीतीनें सोन्यावर नसून कागदावर असतो, आणि हें आमच्या वाचकांस, जे बहुतेक दप्तरांचे रुमाल सोडणारे आहेत, मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

तासगांवच्या बाजूस एका घरीं जुन्या रुमालांत एक यादी प्रस्तुत लेखकाच्या हातीं आली. त्यांत दागिन्यांच्या खालीं ‘होन शिवराई’ अशी एक ओळ व पुढें पांच हा आकडा होता. नाणीं कोठें आहेत असें विचारतां घरच्या वृद्ध बाईंनीं हातांतील बांगड्यांकडे बोट दाखविलें. कागद निरुपयोगी म्हणून राहिला व नाणीं उपयोगाचीं म्हणून गेलीं. त्या बांगड्यांत पांच होनांचें सोनें असेल, नसेल; पण त्या पांच होनांची अक्षरें, ठसे व वजनें आतां कोणासही मिळणार नाहींत.

सातारा, सांगली, मिरज व तासगांव येथील दप्तरांत नाण्यांच्या नांवांसह याद्या असलेले असे कागद आणखी असले पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं ते असतील त्यांनीं यादीची तारीख, नाण्याचें लिहिलेलें नांव, नग, वजन व बट्टा एवढें उतरून मंडळाकडे पाठवावें. नाणें प्रत्यक्ष असल्यास तें न घांसतां, न धुतां, कडी असल्यास ती न काढतां दोन्ही अंगांचे ठसे घेऊन पाठवावेत. मालकाचें नांव प्रसिद्ध होऊं नये अशी इच्छा असल्यास तसें लिहावें, तें पाळलें जाईल.