करमणुकीचा ताळेबंद

खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांनी 2013 साली उभारलेल्या ‘इमॅजिका’ या करमणूक-उद्यानावर वृत्तपत्रांनी पुढे चांगलेच कोरडे ओढले. गर्दी अपेक्षेहून कमी, कर्ज मात्र डोंगराएवढे! आमच्या धाराशिवातले तिचे चाहते यावर खवळतात. म्हणतात, आपल्या नळदुर्गचे नर-मादी धबधबेही बोरीला पाणी आले तरच कोसळतात. त्यांचा कोणी हिशेब मागतो का?

मला हा दाखला पटत नाही. तेथला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बांधला. खजिना सुलतानाचा, जाब विचारणार कोण? इमॅजिकाचे समभाग 2015 साली 180 रुपये भावाने सामान्य लोकांपुढे विक्रीस आले. मग वृत्तपत्रांनी केवळ पाळण्यांची वर्णने छापायची? 2022 साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने उद्यान हाती घेतले, तेव्हा बँकांना बऱ्याच येण्यावर पाणी सोडावे लागले.