खुडूक कोंबडीचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्याला गड आठवतात, लढाया आठवतात, राजे आठवतात. आज मी तुम्हांला जो इतिहास सांगणार आहे, तो मात्र घरामागच्या टोपलीत बसलेल्या एका मुक्या जिवाचा आहे. कोंबडी खुडूक झाली म्हणजे काय होतं, हे आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत कुठल्याही गावात सांगायला नको. ती अंडी घालायची थांबते, पिसं फुलवून बसते, जवळ हात नेला की गुरगुरते, चोच मारते, आणि जागेवरून उठायचं नाव घेत नाही. ही बैठक कुठून आली, माणसानं ती मोडायला किती खटपट केली, आणि आज ती सांभाळून ठेवणं आपल्या हिताचं का आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आपल्या कोंबडीचं मूळ रानात आहे. भारताच्या उत्तरेकडच्या व पूर्वेकडच्या जंगलांत आणि तिथून पुढे थेट इंडोनेशियापर्यंत लाल रानकोंबडा आजही सापडतो. तो माणसाळला कसा? थायलंडमधल्या बान नोन वाट या ठिकाणी कोंबडीची जुनी हाडं मिळाली. ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली आहेत, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं. अभ्यासकांचा तर्क असा, की माणसानं कोंबडीला पकडून आणण्याआधी तीच दाण्याच्या मागं माणसाकडे आली. भाताची आणि बारीक भरडधान्याची शेती जिथं वाढली, तिथं सांडलेला दाणा टिपायला हे रानपाखरू येऊ लागलं. म्हणजे खळं आधी आणि खुराडं मागून!

आपल्या देशात तर कोंबडा व्याकरणात जाऊन बसला आहे. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत स्वर किती लांबवायचे हे सांगताना पाणिनीनं ‘उ’ हाच स्वर का घेतला? परंपरेनं त्याचं उत्तर असं दिलं जातं, की पहाटेचा कोंबडा हाच स्वर आधी आखूड, मग लांब, मग अधिक लांब असा आरवतो. संस्कृतात पक्ष्याला ‘द्विज’ असंही म्हणतात. एकदा अंडं म्हणून जन्मायचं, दुसऱ्यांदा अंड्यातून जन्मायचं. या दोन जन्मांच्या मधले एकवीस दिवस खुडूक कोंबडीचे असतात.

रानातल्या मादीचा नेम साधा. थोडी अंडी घालायची आणि मग त्यांवर बसायचं. आपल्या गावरान कोंबडीनं हा नेम बराचसा पाळला आहे. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. वर्षाकाठी असे तीन-चार फेरे होतात आणि अंडी भरतात पन्नास-साठ. माणसाला वाटलं, ही बसली नसती तर आणखी अंडी मिळाली असती. इथूनच कोंबडी आणि माणूस यांची ओढाताण सुरू झाली. खुडूक मोडण्यासाठी तिला गार पाण्यात बुचकळणं, तिच्या नाकपुड्यांत पीस खोचणं हे उपाय खेड्यापाड्यांतून फार जुने आहेत. पण उपाय करणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं, की साऱ्याच कोंबड्यांची खुडूक मोडली तर पुढच्या साली अंगणात चोचभर पिल्लूही दिसायचं नाही.

कोंबडीवाचून पिल्लं काढण्याची विद्या मिसर देशानं फार पूर्वी साधली. तिथं मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या बांधत, त्यांत शेण व काडीकचरा धुमसत ठेवत आणि हजारो अंडी उबवत. उष्णतामापक नव्हता. अंडं पापणीला लावून ऊब जोखणारे पिढीजात कारागीर होते. ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटल यानं सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी मिसरमधल्या उकिरड्याच्या ऊबेवर होणाऱ्या उबवणीची नोंद केली. कोंबडीखालची अंडी निरनिराळ्या दिवशी फोडली तर आत काय दिसतं, तेही त्यानं लिहून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दिसणारा, उडणारा रक्ताचा ठिपका म्हणजे हृदय, ही त्याची नोंद आजचा विद्यार्थीही ताडून पाहू शकतो.

पुढे फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञानं १७४९ साली कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी १८७९ च्या सुमारास उबवणीचं यंत्र चालू लागलं आणि ते गाव अंड्यांच्या व्यापारासाठी नावाजलं. यंत्र बसू लागलं, तेव्हा कोंबडीनं बसण्याची गरज उरली नाही. जी मादी खुडूक होत नाही तिचीच पैदास पुढे चालवायची, असं पिढ्यान्‌पिढ्या झालं. त्यातून आजची पांढरी लेगहॉर्न घडली. ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण आई होणं विसरली आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट चीनमधल्या रेशमी कोंबडीची. इंग्रजीत तिला ‘सिल्की’ म्हणतात. तिची पिसं केसांसारखी मऊ, कातडी काळी, हाडं काळी, पायाला चारऐवजी पाच बोटं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख आला, तो हिचाच असावा असं मानतात. ही अंडी बेताचीच देते, पण बसते अशी, की युरोपात पाळणारे लोक तितराची नि बदकाची अंडीदेखील तिच्याखाली ठेवत आले. आपल्याकडचे हौशी लोकही हल्ली ती पाळतात.

तिची नातलग म्हणावी अशी काळी कोंबडी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, झाबुआच्या भिल्ल मुलखात आहे. ती कडकनाथ. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रेशमी कोंबडीचा आणि कडकनाथाचा काळा रंग एकाच जनुकीय बदलातून आला आहे, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसून आलं. पण स्वभाव पाहा. रेशमी कोंबडी बसल्याशिवाय राहत नाही आणि कडकनाथाची मादी सहसा बसतच नाही. म्हणून कडकनाथाची अंडी गावरान कोंबडीच्या पोटाखाली द्यावी लागतात, नाहीतर यंत्रात. नावलौकिक एकीचा आणि कष्ट दुसरीचे!

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ. महात्मा गांधी १९३६ साली शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. त्यांनी १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिलं. अंड्याबद्दल त्यांनी त्यात एक बारकावा नोंदला आहे. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडं देते, त्या निर्बीज अंड्यातून पिल्लू होत नाही, आणि ज्याला दूध चालतं त्याला असं अंडं चालायला हरकत नसावी. खाणं न खाणं ज्याच्या त्याच्या मनावर. पण बीजाचं आणि निर्बीज अंडं यांतला हा भेद उबवणी करणाऱ्यानं पहिल्यांदा शिकावा लागतो. कळपात कोंबडा नसेल तर कोंबडी महिनाभर बसली तरी व्यर्थ.

याच वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. हातानं काही उपयोगी काम करावं आणि त्या कामातूनच गणित, विज्ञान, भाषा शिकावी, हे तिचं सूत्र. त्या योजनेत भर कताई, सुतारकाम, शेती यांवर होता. पण शिक्षक मित्रांनो, त्या सूत्राला खुडूक कोंबडीइतका स्वस्त धडा दुसरा कोणता मिळेल?

हा धडा असा मांडता येईल. टोपलीत राख, तिच्यावर कुटार किंवा वाळलेलं गवत आणि थोडा वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा, म्हणजे उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. आठवड्याच्या आतली, न धुतलेली, तडा न गेलेली दहा-बारा अंडी निवडावीत. कोंबडीला संध्याकाळी, अंधारात बसवावं. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली विजेरी धरून मुलांना दाखवावं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर आत जीव आहे. स्वच्छ दिसलं तर ते अंडं निर्बीज, काढून टाकावं. आई दिवसातून अनेकदा अंडी उलटते, एकदाच चारापाण्याला उठते. त्याची नोंद मुलांनी वहीत करावी. एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडू लागलं की कोणीही मदतीला धावू नये. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते. पहिला दिवस त्याचं अडत नाही. मग ज्वारीच्या बारीक कण्या, स्वच्छ पाणी, आणि जमेल तर वाळवी.

आपल्या जिल्ह्यात एक पथ्य विशेष पाळावं. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. अशा दिवसांत घरात ठेवलेल्या अंड्यातला जीव कोंबडी बसण्याआधीच थोडा जागा होतो आणि मग अर्ध्यावर मरतो. म्हणून उबवणी हिवाळ्यात करावी. उन्हाळ्यात करणं भागच पडलं तर तीन-चार दिवसांचीच अंडी घ्यावीत आणि ती ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात गार राखावीत.

एवढं करूनही एक वैरी उरतो. तो म्हणजे मानमोडी. १९२७ च्या सुमारास कुमाऊँतल्या राणीखेत गावी हा रोग आढळला, म्हणून त्याला राणीखेतही म्हणतात. आला की चार दिवसांत अंगण रिकामं करतो. त्यावर लस आहे. पहिल्या आठवड्यात नाका-डोळ्यांत थेंब आणि आठ आठवड्यांच्या सुमारास टोचणी. अडचण अशी, की लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, आणि ती उघडल्यावर टिकत नाही. एका घरच्या दहा पिल्लांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून माझी सूचना आहे, की एका आळीतल्या बायांनी आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात. पिल्लं एका वेळी निघतील, बाटली एक पुरेल, पैसा वाटून जाईल. तारखांचा तक्ता शाळेतल्या मुलांनी ठेवावा.

आता शेवटची गोष्ट. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं खेड्यांसाठी काढलेली वनराजा ही जात अंगणात वाढते, वर्षाला शंभरावर अंडी देते. अशा सुधारित कोंबड्या जरूर पाळा, त्यांनी घरात चार पैसे येतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. साऱ्या अंगणात त्याच झाल्या, तर प्रत्येक पिल्लू विकत आणावं लागेल. मानमोडीनं कळप गेला तर पुन्हा सुरुवात करायला घरात काही उरणार नाही. बसणारी एक गावरान मादी असली, तर शेजारणीकडून दहा अंडी मागून एकवीस दिवसांत कळप पुन्हा उभा राहतो. तिला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही, उष्णतामापक लागत नाही.

तेव्हा मायबहिणींनो, अंडी जास्त देणाऱ्या कोंबड्या चार ठेवा, पण नीट बसणारी एक ठेवाच. जिनं मागल्या खेपेला दहातली आठ पिल्लं काढली, घार आली तेव्हा पंखाखाली घेतली, तिची खुडूक मोडू नका आणि तिला सणाला कापूही नका. तिच्याच पिल्लांतली एक तलंग पुढच्या सालासाठी राखून ठेवा.