पेनिसिलिन आणि रुग्णालयातील जखमा

एखादे औषध गुण देईनासे झाले म्हणजे ते ‘अंगवळणी पडले’ असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ह्या वाक्प्रचारात अंग रोग्याचे असते. जंतूचा त्यात पत्ताच नसतो. प्रतिजैविकांना होणाऱ्या प्रतिकाराचा इतिहास पाहता हा वाक्प्रचार विचाराला चुकीच्या वाटेने नेतो असे म्हणणे भाग आहे.

जखमेत पू निर्माण करणाऱ्या जंतूंत ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा प्रमुख होय. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर ह्या विदुषीने रुग्णांपासून मिळालेल्या ह्या जंतूंची पद्धतशीर तपासणी केली. १९४६ साली त्यांपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ मध्ये हे प्रमाण ३८ टक्के, तर १९४८ मध्ये ५९ टक्के झाले. जंतू औषधाला सरावले, असा निष्कर्ष कोणीही सहज काढला असता. परंतु प्रयोगशाळेत पेनिसिलिनची मात्रा हळूहळू वाढवून ‘सरावलेले’ जंतू निराळे होते: ते पेनिसिलिनचा नाश करणारे एन्झाइम तयार करीत नसत. रुग्णालयातील जंतू ते करीत. तेव्हा बार्बर ह्यांनी असे प्रतिपादिले की हे जंतू मुळातच तसे होते. औषधाने दुबळे मारले, हे उरले, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरले. (हे एन्झाइम अब्राहम आणि चेन ह्यांनी दुसऱ्या एका जंतूत १९४० सालीच दाखविले होते, म्हणजे पेनिसिलिन सर्रास वापरात येण्यापूर्वीच.)

हा भेद केवळ शब्दांचा नाही. दोष रोग्याच्या अंगाचा असेल तर वैद्याने औषध बदलावे, एवढेच उरते. दोष निवडीचा व संसर्गाचा असेल तर हात धुणे, मलमपट्टीची शिस्त आणि औषधाचा संयमित वापर ह्यांना महत्त्व येते. हॅमरस्मिथमध्ये पेनिसिलिनच्या वापरावर निर्बंध घालण्यात आले, आणि प्रतिकारक्षम जंतूंचे प्रमाण घटल्याचे बार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले.

दुर्दैवाने त्याच सुमारास, त्या एन्झाइमला न जुमानणारे मेथिसिलिन हे नवे औषध आले आणि संयमाची निकड कोणास फारशी वाटेनाशी झाली. जानेवारी १९६१ मध्येच पॅट्रिशिया जेव्हन्स ह्यांनी मेथिसिलिनलाही न बधणाऱ्या जंतूंची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक मूत्रपिंड काढलेल्या रुग्णाच्या जखमेतील होता. जपून ठेवलेल्या त्या काळच्या जंतूंच्या जनुकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून असे अनुमान निघाले की हा प्रतिकार १९४५ च्या आसपास, म्हणजे मेथिसिलिनच्या सुमारे चौदा वर्षे आधी, उद्भवला होता, आणि त्याला वाव मिळाला तो पेनिसिलिनच्याच वापरामुळे.