दाढीत रुतलेले केस आणि मुरूम: फरक कसा ओळखावा, काय करावे?

दाढी केल्यावर एक-दोन दिवसांत गळ्यावर आणि जबड्याखाली बारीक, खाजणाऱ्या, दुखऱ्या पुळ्या येतात. बहुतेक जण त्यांना मुरूम समजून मुरमांचे मलम लावतात, किंवा आणखी गुळगुळीत दाढी करतात. यातले कारण मुरूम नसून रुतलेला केस असेल, तर अशाने त्रास वाढतच जातो. म्हणून आधी पुळी कशाची आहे ते ओळखा.

केस का रुततो?

अगदी बारीक दाढी केली की केसाचे टोक तिरके आणि टोकदार कापले जाते. त्वचा ताणून किंवा उलटा हात मारून दाढी केल्यास हे टोक त्वचेच्या खाली जाते. केस कुरळा किंवा राठ असेल, तर वाढताना तो बाहेर न येता वळून त्वचेतच घुसतो. शरीराला तो काट्यासारखा वाटतो आणि तिथे सूज येते. एकापेक्षा जास्त पात्यांच्या रेझरने हा त्रास अधिक होऊ शकतो.

पुळी कशाची आहे?

- रुतलेला केस: गळा आणि जबड्याखाली, दाढी केल्यानंतर. नीट पाहिल्यास आत वळलेला केस दिसतो. मागे काळा डाग राहतो.
- मुरूम: दाढीबरोबर कपाळ, नाक, पाठ किंवा छातीवरही. पुळ्यांसोबत काळी-पांढरी टोके असलेले बारीक दाणे दिसतात.
- केसतूड: केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग. प्रत्येक पुळीच्या मधोमध केस आणि भोवती पू.
- दाढीतील नायटा: खाजणारे, खवले असलेले चट्टे किंवा सुजलेली गाठ. केस सहज हातात येतात. गुरांची देखभाल करणाऱ्यांमध्ये याची शक्यता लक्षात ठेवावी.

घरी काय करावे?

- साधारण चार आठवडे ब्लेडने दाढी करू नका. पहिल्या आठवड्यात खाज वाढू शकते, पण केस लांब झाले की बरेचसे आपोआप बाहेर येतात.
- नोकरीत दाढी ठेवता येत नसेल, तर ट्रिमरने सुमारे १ मिलिमीटर केस ठेवा. गरज पडल्यास डॉक्टरांचे पत्र कार्यालयात द्या.
- कोमट पाण्यात बुडवलेले स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटे ठेवा. केसाचा फास वर दिसत असेल, तर निर्जंतुक सुईने फक्त टोक सोडवा. केस उपटू नका, आत टोकरू नका.
- पुन्हा ब्लेड वापरताना आधी चेहरा धुऊन केस मऊ करा, भरपूर फेस करा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, दाब न देता, एकच हात फिरवा.
- सलूनमध्ये नवे ब्लेड मागा आणि 'उलटा हात नको' असे आधीच सांगा. वापरलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी सारखे आजारही पसरू शकतात.
- मुरूम येत असतील, तर दाढीला खोबरेल तेल किंवा जड बिअर्ड ऑइल लावू नका. दाढीखालची त्वचा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुवा.

औषधे

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के जेल मुरूम आणि रुतलेल्या केसांच्या पुळ्या, दोन्हींवर उपयोगी पडते. त्याने टॉवेल, उशीचा अभ्रा आणि केसांचाही रंग उडू शकतो. रात्री अ‍ॅडापलीन जेल दिले जाते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून औषध सोडू नका. डाग गडद होऊ नयेत म्हणून दिवसा सनस्क्रीन लावा.

त्रास वारंवार होत असेल, तर लेसरने केस कमी करता येतात. सावळ्या त्वचेसाठी लांब तरंगलांबीचा एनडी-यॅग लेसर तुलनेने सुरक्षित असतो. मात्र त्याने दाढी कायमची विरळ होऊ शकते, हे ठरवण्याआधी लक्षात घ्या.

हे मलम लावू नका

मेडिकल दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक 'मिक्स' मलमांत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिले असेल, तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत लाली कमी होते आणि मलम लागू पडले असे वाटते. पण नायटा आतल्या आत पसरतो, मुरूम वाढतात, त्वचा पातळ होते आणि मलम थांबवताच चेहरा लाल होऊन जळजळतो. असे मलम बरेच दिवस लावत असाल, तर त्वचारोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- पू, ताप, वाढती सूज किंवा गळ्यात गाठ आल्यास
- मधुमेह असल्यास आणि केसतूड वारंवार होत असल्यास
- केस गळून दाढीत चट्टे पडल्यास
- पुळीच्या जागी टणक, वाढत जाणारा व्रण तयार झाल्यास
- चार ते सहा आठवडे काळजी घेऊनही फरक न पडल्यास

ओठावरची किंवा नाकाजवळची पुळी मात्र कधीही दाबून फोडू नका. तिथला संसर्ग क्वचित खोलवर पसरू शकतो. सुजेबरोबर ताप, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्याभोवती सूज आली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.